86 डॉलर भरून 25 लाख डॉलर जिंकणारा क्रिस मनीमेकर: भावाला नेमकं काय सांगू?

थोरली_ताई

नमस्कार मंडळी. पत्त्यांतलं मला मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन एवढंच येतं, तेही आजोळी मे महिन्याच्या सुट्टीत शिकलेलं. त्यामुळे विचारण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ 28 वर्षांचा आहे. बीकॉम झालाय, चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दोन वर्षं तो मोबाइलवर पोकर खेळायचा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती. पण त्यानंतर तो महिन्यातून दोनदा शुक्रवारी रात्रीच्या बसने गोव्याला जायला लागला. सोमवारी सकाळी परस्पर कामावर जातो, डोळे लाल, डबा न घेता.

गेल्या महिन्यात तिथल्या एका स्पर्धेत त्याचा तिसरा नंबर आला. 1,85,000 रुपये. आईला इरकल आणली, मला मिक्सर. आणि त्या आनंदातच जाहीर केलं की दिवाळीचा बोनस हातात पडला की राजीनामा देणार, पूर्णवेळ पोकरच खेळणार.

त्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला आहे. टोपी आणि काळा चष्मा घातलेला एक माणूस, समोर नोटांच्या गड्ड्या. क्रिस मनीमेकर. "ताई, तोही अकाउंटंटच होता," हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी कानावर पडतं. 86 डॉलर भरले आणि जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकला, असं तो सांगतो.

हे आडनाव खरं आहे का इथपासून माझी सुरुवात आहे. त्या माणसाने नक्की काय केलं? नशीब होतं की अक्कल? मला भावाला वादात हरवायचं नाहीये. लहानपणापासून मी त्याची शिकवणी घेतली आहे, तो बिनडोक मुलगा नाही. पण त्याच्या या माणसाबद्दल मला काहीच माहीत नसेल तर त्याच्याशी बोलणार कशी?

रोखठोक_64

जुगार तो जुगार. पगार आईच्या खात्यात जमा करायला लावा आणि लग्न लावून द्या. एका मनीमेकरचा फोटो कपाटाला लागतो, बुडालेल्यांचे लागत नाहीत.

थोरली_ताई

काका, बुडालेल्यांचं मलाही कळतं, म्हणून तर झोप उडाली आहे. पण लग्न करून त्या मुलीला यात कशाला ओढू? खेळाची माहिती असलेल्या कोणी लिहिलं तर बरं होईल.

मांडवीकाठी

ताई, मी कुडाळकडचा. पणजीला मांडवीतल्या एका बोटीवर सहा वर्षं पोकरच्या टेबलावर डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, होतो. आता गावी परतलोय, काजूची बाग बघतो. मनीमेकरचा तो शेवटचा दिवस मी किती वेळा पाहिला असेल याला मोजदाद नाही. नवीन डीलर म्हणून शिकताना आम्ही तेच व्हिडिओ बघायचो. तुम्ही मनापासून विचारलंय, तर सविस्तर लिहितो.

आडनाव खरं आहे. घराण्याचे पूर्वज जर्मनीत सोन्याचांदीची नाणी पाडायचे आणि त्या जर्मन आडनावाचंच पुढे इंग्रजी झालं, असं त्यांच्याकडे सांगतात. क्रिस राहायचा अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात. 2003 साली वय 27. अकाउंटिंगची मास्टर्स पदवी होती आणि रेस्टॉरंट चालवणाऱ्या एका कंपनीचे हिशेब सांभाळायचा. तेव्हा भावाचं तेवढं बरोबर आहे.

आता ते 86 डॉलर. ते त्या मोठ्या स्पर्धेचे नव्हते, सॅटेलाइटचे, म्हणजे पात्रता स्पर्धेचे होते. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी होती 10,000 डॉलर. एवढे पैसे साध्या नोकरदाराकडे कुठून येणार? म्हणून पोकरस्टार्स या साइटवर छोट्या स्पर्धा व्हायच्या, त्यात बक्षीस म्हणजे वरच्या स्पर्धेतली जागा. आपल्या भिशीसारखं समजा. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं, उचल मोजक्यांना मिळते. फरक एवढाच की इथे चिठ्ठी निघत नाही, खेळून मिळवावी लागते, आणि बाकीच्यांचे पैसे कधीच परत येत नाहीत. क्रिस एक पायरी जिंकला, मग त्यावरची. त्या वरच्या पायरीला पहिल्या तिघांना लास व्हेगसची जागा होती आणि चौथ्याला 8,000 डॉलर रोख.

ताई, भावाला इथे थांबवा आणि विचारा, क्रिसला कितवा नंबर हवा होता? त्याला चौथा हवा होता. डोक्यावर क्रेडिट कार्डाचं आणि पैजांचं कर्ज होतं, 8,000 डॉलरमध्ये बरंच फिटलं असतं. तो मुद्दाम चौथा यायच्या बेतात होता. एका मित्राने फोन करून समजावलं की जागाच जिंक, मी 5,000 देऊन निम्मा हिस्सा घेतो. क्रिसने जागा जिंकली आणि नंतर त्या मित्राने हात वर केले. मग वडिलांनी आणि दुसऱ्या एका मित्राने थोडा थोडा हिस्सा घेतला, तेव्हा तो व्हेगसला पोचला. म्हणजे शेवटी जे 25 लाख डॉलर मिळाले ते सगळे त्याचे नव्हतेच. भागीदारांचा वाटा होता, सरकारचा कर होता. तेव्हाच्या दराने 25 लाख डॉलर म्हणजे साधारण पावणेबारा कोटी रुपये, आणि 86 डॉलर म्हणजे चार हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणाचंही डोकं फिरतं. मधल्या पायऱ्या मात्र कोणी मोजत नाही.

व्हेगसच्या जुन्या भागात बिनियन्स हॉर्सशू नावाचा कॅसिनो होता, तिथे ती स्पर्धा झाली. 839 खेळाडू. क्रिस त्याआधी समोरासमोर बसून एकही स्पर्धा खेळला नव्हता, जे काही खेळला ते घरगुती डाव आणि कॉम्प्युटरवर. टेबलावर कोण कोण होतं? 1987 आणि 1988 असा लागोपाठ दोनदा जिंकलेला जॉनी चॅन. 1995 चा विजेता डॅन हॅरिंग्टन. आणि फिल आयव्ही, ज्याला आमच्या बोटीवरची सगळी पोरं गुरूच मानायची.

नशिबाचं विचारलंत, तर आयव्हीचा डाव ऐका. या खेळात प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी एकेक करत पाच उघडे, आणि त्या सातांतून ज्याचे पाच पत्ते सरस तो जिंकतो. दहा जण उरले होते. क्रिसकडे एक्का आणि राणी. आयव्हीकडे दोन नव्व्या. टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले, त्यात दोन राण्या आणि एक छक्की. क्रिसच्या तीन राण्या झाल्या. पण चौथा पत्ता आला तो नव्वी! आयव्हीचं फुल हाउस झालं, म्हणजे तीन एकसारखे आणि दोन एकसारखे पत्ते, नुसत्या तीन राण्यांहून वरचढ. सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, मध्ये गेल्या. आता शेवटच्या एका पत्त्यावर सगळं. न दिसलेले पत्ते 44, त्यांतले क्रिसला वाचवणारे फक्त 7: राहिलेली एक राणी, तीन एक्के, तीन छक्क्या. आणि एक्का आला, क्रिसचं त्याहून मोठं फुल हाउस झालं. आयव्ही दहावा म्हणून बाहेर गेला. त्याआधी हुंबेर्तो ब्रेनेसकडे दोन एक्के असताना क्रिसच्या दोन अठ्ठ्यांना तिसरी अठ्ठी मिळाली होती. हे दोन डाव उलटे पडले असते तर आज तुमच्या भावाच्या कपाटाला दुसराच कोणी असता.

पण नुसतं नशीब म्हणून हात झटकू नका, कारण भाऊ ऐकणार नाही आणि ते खरंही नाही. शेवटी दोघं उरले. समोर सॅमी फरहा, मूळचा लेबननचा, ह्यूस्टनमधला मुरलेला व्यावसायिक, तोंडात न पेटवलेली सिगारेट. क्रिसने आधी विचारलं होतं की उरलेली रक्कम दोघं वाटून घेऊ या. फरहाने नकार दिला. समोरचा पोरगा कच्चा आहे, असंच त्याला वाटत असणार.

तो डाव मला तोंडपाठ आहे. क्रिसच्या हातात इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फरहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. पहिले तीन पत्ते: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फरहाची नव्व्यांची जोडी झाली. चौथा पत्ता इस्पिक अठ्ठी. आता क्रिसकडे दोन आशा आहेत. अजून एक इस्पिक आलं तर पाचही पत्ते इस्पिक, म्हणजे फ्लश, किंवा पंजी नाहीतर दश्शी आली तर सलग पाच पत्ते. फरहाने 3 लाखांच्या चिप्स लावल्या. क्रिसने 8 लाख केले. फरहाने बरोबरी केली. आणि शेवटचा पत्ता बदाम तिर्री. क्रिसच्या दोन्ही आशा संपल्या, हातात नुसता राजा. जोडीसुद्धा नाही.

फरहा थांबला, काही लावलं नाही. आणि क्रिसने होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

ताई, मी डीलर म्हणून असल्या क्षणी चार फुटांवर बसलेलो आहे. टेबलावर एकदम शांतता होते. चिप्स बोटांत फिरवायचा आवाजसुद्धा बंद होतो. डीलरने कोणाच्या तोंडाकडे बघायचं नसतं, म्हणून मी हातांकडे बघायचो. फरहा क्रिसला बोलतं करायला बघत होता, तुझा फ्लश हुकला वाटतं, असं म्हणाला. म्हणजे त्याने बरोबर ओळखलं होतं! टोपी आणि काळ्या चष्म्याआड क्रिस गप्प. आणि फरहाने जिंकत असलेले पत्ते टाकून दिले. त्या एका डावाने तराजू फिरला. पुढे शेवटच्या डावात क्रिसकडे पंजी-चव्वी, फरहाकडे गुलाम-दश्शी. गुलाम, पंजी, चव्वी उघडले, दोघांनाही आपण पुढे आहोत असं वाटलं, सगळे पैसे मध्ये आले, आणि शेवटी अजून एक पंजी येऊन क्रिसचं फुल हाउस झालं.

आता मला जे सांगायचंय ते. तो फसवा डाव क्रिसला का जमला? हिंमत होतीच. पण त्या घटकेला त्याचं काय जाणार होतं, हा विचार करा. दुसऱ्या नंबरचे 13 लाख डॉलर त्याचे नक्की झाले होते. मागे नोकरी उभी होती. आणि सगळ्या प्रवासात स्वतःच्या खिशातून लावलेले होते 86 डॉलर. घरभाडं त्या टेबलावर नव्हतं.

बोटीवर एक मुलगा यायचा, कुठला ते सांगत नाही, तुमच्या भावाच्याच वयाचा. सुंदर खेळायचा. वाईट पत्ते आले की शांतपणे टाकायचा, तासभर नुसता बसून राहायचा. माझ्या टेबलावर बसला की मला बरं वाटायचं. त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ झाला. दोन-तीन महिन्यांतच त्याचे हात बदललेले मला दिसले. टाकायचे ते पत्ते धरून ठेवायचा, कारण रिकाम्या हाताने उठणं परवडत नव्हतं. लावायचे तिथे कचरायचा, कारण हरणंही परवडत नव्हतं. डोकं तेच, अभ्यास तोच, पण महिन्याचं भाडं त्याच्या शेजारी येऊन बसलं होतं. एका पहाटे किनाऱ्याकडे परतणाऱ्या होडीत त्याने माझ्याकडे म्हापशापर्यंतच्या बसचे पैसे मागितले. मी दिले. तो परत आला नाही.

रोज रात्री कामावर निघताना आमची आई फोनवर विचारायची, "तू खेळणस नाय मां?" मी कधीच खेळलो नाही. पण हा खेळ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मला तो आवडतो, अजूनही. म्हणूनच सांगतो, भावाला खेळ सोडायला लावू नका. नोकरी सोडू देऊ नका. त्याच्या त्या देवाने जिंकल्यावर नोकरी सोडली, जिंकण्यासाठी नाही.

एडिसनकर

मांडवीकाठी, किती छान लिहिलंत! मी तेव्हा न्यू जर्सीत नवा नवा आलो होतो. ईएसपीएनवर ती स्पर्धा पुन्हा पुन्हा दाखवायचे. टेबलाच्या कडेला बारीक कॅमेरे लावले होते, त्यामुळे खेळाडूंचे झाकलेले पत्ते घरबसल्या दिसायचे. तुम्ही वर्णन केलेल्या डावाला समालोचक नॉर्मन चॅड शतकातली सर्वांत मोठी थाप म्हणाला होता आणि शतक तर नुकतंच सुरू झालं होतं.

त्यानंतर काय लाट आली ते मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही सहा मराठी घरं शुक्रवारी एकाच्या तळघरात जमायचो, माणशी 5 डॉलर, बटाटेवडे आणि पोकर. ऑफिसात तेच, केशकर्तनालयात तेच. आकडे बघा: 2003 ला 839 खेळाडू, 2004 ला 2,576, 2005 ला 5,619, 2006 ला 8,773. 2004 ला जिंकलेला ग्रेग रेमर पेटंटचा वकील होता, तोही पोकरस्टार्सच्या सॅटेलाइटमधूनच आलेला. 2005 चा जो हॅशम ऑस्ट्रेलियाचा, पूर्वी मणक्याचे उपचार करायचा. सगळ्यांना वाटायला लागलं, पुढचा मीच.

ताई, मी पण त्यातलाच. ऑनलाइन खेळायचो. 15 एप्रिल 2011 ला इथल्या सरकारने मोठ्या साइट एका दिवसात बंद केल्या. माझे 640 डॉलर अडकले, मिळायला जवळजवळ तीन वर्षं लागली. माझे 640 होते, माझं काही बिघडलं नाही. पण ओळखीतला एक जण त्यावरच जगत होता, त्याचं अख्खं भांडवल आत होतं. त्याने पुन्हा नोकरी शोधली तेव्हा बायोडेटामधल्या चार वर्षांचं काय सांगायचं हेच त्याला कळेना. तुमच्याकडेही कायद्याने एका महिन्यात सगळं बदललेलं तुम्ही पाहिलंच आहे. या धंद्यात दार कोण कधी बंद करेल ते खेळाडूच्या हातात नसतं.

हिशेबनीस_सांगली

मी सीए आहे. भाऊ अकाउंट्सचा आहे म्हणून त्याच्याच भाषेत दोन गोष्टी.

839 जणांत सगळे सारखे असतील तर प्रत्येकाला 839 त एक संधी. समजा भाऊ सरासरीच्या दुप्पट चांगला आहे. मग साधारण 420 त एक. मुख्य स्पर्धा वर्षातून एकदा होते. 2024 ला त्याच स्पर्धेत 10,112 जण होते, तिथे दुप्पट चांगल्या खेळाडूलाही पाच हजारांत एक. मनीमेकर स्वतः त्यानंतर भरपूर खेळला. 2011 मध्ये एका मोठ्या स्पर्धेत दुसरा येऊन 3 लाख डॉलर मिळवले, 2019 मध्ये पोकर हॉल ऑफ फेममध्येही गेला. पण वर्ल्ड सिरीजचं दुसरं ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याला मिळणारं कडं, पुढच्या वीस वर्षांत त्याला मिळालं नाही. त्याची पुढची कमाई बरीचशी पोकरस्टार्सचा चेहरा म्हणून झाली, 2020 संपेपर्यंत. तशी जागा एकालाच मिळते, जो पहिला असतो त्याला.

दुसरं, कर. आपल्याकडे पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर सपाट 30 टक्के, वर सेस. आणि हरलेल्या स्पर्धांची फी त्यातून वजा होत नाही. बसभाडं, लॉज, काही नाही. साध्या धंद्यात वर्षभराचा नफा-तोटा एकत्र करून कर भरतो, इथे तसं नाही. म्हणजे वर्षाच्या शेवटी ना नफा ना तोटा असा खेळणारा माणूसही कर भरून तोट्यात जातो. पूर्णवेळ खेळाडू व्हायच्या आधी हे वाक्य त्याने दोनदा वाचावं.

वाद घालू नका ताई. त्याला एक वही द्या. तारीख, प्रवेश फी, प्रवास, राहणं, बिनपगारी रजा, हातात आलेली निव्वळ रक्कम. पहिल्या गोवा फेरीपासून भरायला सांगा. अकाउंटंट आहे, खोटं लिहिणार नाही.

थोरली_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर मी मांडवीकाठी दादांचं सगळं त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. इस्पिक राजा आणि बदाम सत्तीपाशी मी पोचले तेव्हा तो पुढचे पत्ते माझ्याआधीच म्हणत होता. चौथ्या नंबरचे 8,000 डॉलर त्याला माहीत होते. पण त्याने ते मला आजवर कधी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही बहुतेक नाही. होडीतल्या मुलापर्यंत आल्यावर तो उठून गॅलरीत गेला. मी मागे गेले नाही.

थोड्या वेळाने आला आणि म्हणाला, "वही कुठंय?" माझ्या लॅबमधली जुनी रजिस्टर आहे, निम्मी कोरी, तीच दिली. आई मटारचे दाणे सोलत आमच्या दोघांकडे बघत बसली होती, तिला काय चाललंय ते कळत नव्हतं. रात्री दीडपर्यंत तो मोबाइलमधले मेसेज आणि बसची तिकिटं शोधत लिहीत होता.

पुढचं त्यालाच लिहायचंय, माझ्याच खात्यावरून.

—

नमस्कार. मी धाकटा. वही पूर्ण केली. 20 फेऱ्या, 31 स्पर्धा. प्रवेश फी 2,48,000. बस, लॉज, खाणं मिळून 70,000. त्या 1,85,000 मधून कर कापून हातात आले होते 1,29,500, बाकी लहानसहान बक्षिसं धरून एकूण 1,78,000. म्हणजे 1,40,000 चा तोटा. कंपनीत पुरवठादाराच्या बिलात 40 रुपयांचा फरक आला तरी मी फोन करतो. स्वतःचं हे मला माहीत नव्हतं. आईची इरकल या तोट्यातून आली हे लिहिताना हात जड होतोय.

राजीनाम्याचं मी आता दिवाळीला बोलणार नाही. खेळणं पूर्ण बंद करतोय असं मात्र म्हणणार नाही, खोटं होईल. महिन्याला एक स्पर्धा, ठरलेली रक्कम वेगळ्या पाकिटात, असं ताईशी ठरलंय. वही तिच्याकडे राहील.

मांडवीकाठी काका, एक विचारू? तुम्ही लिहिलंत की तुम्ही हातांकडे बघायचात. त्या तिसऱ्या नंबरच्या स्पर्धेत मी ज्या डावात बाहेर पडलो, त्यात समोरच्याचे चिप्स पुढे करताना हात थरथरत होते. मला वाटलं घाबरलाय, थाप मारतोय. मी सगळं लावलं. त्याच्याकडे फ्लश निघाला. माझं काय चुकलं?

मांडवीकाठी

काका नको, दादा म्हण, मी चाळिशीचाच आहे.

थरथरणारे हात बघून नवीन खेळाडू हमखास फसतो. थाप मारणारा माणूस स्वतःला आवळून धरतो. त्याला माहीत असतं की आपल्याकडे सगळे बघतायत, म्हणून तो हलत नाही, श्वाससुद्धा जपून घेतो. हात थरथरतात ते चांगले पत्ते आलेल्याचे. इतका वेळ दाबून ठेवलेलं एकदम सुटतं, म्हणून. माझ्यासमोर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चिप्स मध्ये सारताना सांडल्या होत्या, त्यांच्याकडे चार राजे होते. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही, काहींचे हात सवयीनेच हलतात. म्हणून माणूस टेबलावर बसला की पहिल्या अर्ध्या तासात, पैसे लावलेले नसताना, त्याचे हात कसे असतात ते बघून ठेवायचं. तू त्या माणसाचे हात आधी पाहिले होतेस का? नसशील, तर चूक तिथे झाली.

आणि एक सुचवतो. फरहाचा तो डाव आवाज बंद करून बघ. तू आजवर क्रिसकडे बघत आला असशील. या वेळी फक्त फरहाकडे बघ, पत्ते टाकेपर्यंत. बरोबर ओळखूनही माणूस कसा मागे सरतो, ते दिसेल.

गोव्याची बस पहाटे कुडाळवरून जाते. पुढच्या वेळी इथेच उतर, मी हायवेवर न्यायला येतो. आईला आणि ताईलाही आण. ताईला मेंढीकोट येतं असं तिने लिहिलंय. इथे मी, बायको आणि आमची आई असे तिघंच आहोत, आणि पावसाळ्यापासून आम्हाला चौथा गडी मिळालेला नाही.